काट्याच्या अलीकडची रांग

मला कितीतरी वर्षं खेळण्याचा पगार मिळाला. नातेवाइकांत हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतो, "म्हणजे पत्ते?" पत्ते नव्हेत. मोबाईलवरचे गेम. गेम लोकांच्या हातात जाण्याआधी तो कुणाला तरी खेळून त्यातल्या चुका काढाव्या लागतात. ते कुणीतरी म्हणजे मी.

या कामात शहाण्या माणसाचा काही उपयोग नाही. शहाणा माणूस ट्रॅक्टर रस्त्यावरून चालवतो. तपासणाऱ्यानं तो विहिरीत घालायचा, भिंतीवर न्यायचा, गावभर उलटा फिरवायचा, पुलाखाली नेऊन दोनदा बंद-चालू करायचा. जगात कुठंतरी एखादा माणूस हे करणारच असतो, आणि तो आपल्या तालुक्यातलाच असण्याची शक्यता जास्त. त्यानं केलं आणि गेम बंद पडला, तर दोष तपासणाऱ्याचा.

मी यात आले ती टंकलेखनाच्या वर्गातून. मुरुमला माझा टायपिंगचा क्लास होता. यंत्रं गेली, त्यांच्यामागून विद्यार्थी गेले आणि मी रिकाम्या टेबलांवरची धूळ पुसत बसले होते. तेव्हा माझा जुना विद्यार्थी महादेव आला. हा जळकोटचा. वडील उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. माझ्याकडे शिकताना त्याची सगळी बोटं चुकीच्या जागी पडत आणि वेग मात्र वर्गात सर्वांत जास्त असे. सोलापूरला शिकून तो परत आला होता. मुरुमला खताच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन त्यानं गेम बनवायला घेतला होता.

"बाई, तुमी माझ्या चुका फुकट काढत होताव," तो म्हणाला. "आता पगार घ्या आन काढा."

गेमचं नाव 'डबल ट्रॉली'. ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या. फडातून निघायचं, गावातून, ओढ्यातून, हायवेवरून जायचं आणि साखर कारखान्यावर पोहोचायचं. मागची ट्रॉली वळणावर आपल्या मनानं चालते, ती सांभाळणं हा सगळा खेळ.

पहिल्या दिवशी मी ट्रॅक्टर पाच-सहा वेळा ओढ्यात घालून शेवटी कारखान्याच्या फाटकापाशी आणला. तिथं पुढं ट्रॅक्टर उभे होते. मी त्यांच्या मागं थांबले. काहीच होईना. मी चहा पिऊन आले, तरी काही नाही. मी कागदावर पहिली चूक लिहिली आणि महादेवला हाक मारली.

"अरे, गेम अडकला."

त्यानं येऊन पाहिलं. "अडकला न्हाय बाई. नंबर लागलाय."

"मग आता काय करायचं?"

"थांबायचं."

"किती?"

"नंबर येस्तोवर."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या घरात कारखान्यावर पोहोचणं म्हणजे काम संपणं नव्हतंच कधी. वडील फाटकाशी पोहोचले की तिथून खरी वाट बघणं सुरू व्हायचं. वजनकाट्यावर ट्रॉली चढली, वजन झालं, म्हणजे खेप पूर्ण. मधली रांग त्यानं गंमत म्हणून घातली नव्हती. रस्ता केला, ओढा केला, तशी रांगही केली. गेममध्ये माणसाला पाऊण तास नुसतं बसवून ठेवणं विचित्र आहे, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्याला ते सांगितलं तर मलाच म्हणाला, "मग रांग न्हाय तर कारखाना कसला?"

मी चूक कायम ठेवली, त्यानं रांग कायम ठेवली. मालक तो होता.

रांगेत ट्रॅक्टरवरून उतरता यायचं. पुढच्या गाड्यांजवळ जाऊन ड्रायव्हर लोकांशी बोलता यायचं. हे आवाज महादेवनं वडिलांच्या मित्रांकडून भरून घेतले होते. कुणी मुलीच्या सोयरिकीचं सांगायचा, कुणी बिघडलेल्या हायड्रॉलिकचं, एक जण नुसताच "व्हय... व्हय..." म्हणायचा. रांगेच्या मधोमध एक बुटका माणूस होता. तो प्रत्येकाला विचारायचा, "काडीपेटी हाय का?" खेळणाऱ्यांनी काडीपेटी शोधायला सगळा गेम पालथा घातला. फड पाहिला, घरं पाहिली, मारुतीच्या देवळामागं पाहिलं. कुणी म्हणे ती ओढ्याच्या तळाशी आहे. कुणी म्हणे ज्याला ती मिळेल त्याचा नंबर पहिला लागतो. खरी गोष्ट अशी की महादेव काडीपेटी बनवायला विसरला होता. मी चूक म्हणून लिहिलंही होतं. पण तोवर लोकांचा शोध सुरू झालेला. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की बाई. हुडकू द्या."

आणि शेळी. जळकोटच्या वळणावर एक शेळी रस्त्यात यायची. ट्रॅक्टर हळू केला की ती बाजूला व्हायला हवी होती. कुठंतरी हिशेब बिघडला आणि ती मागच्या ट्रॉलीवर चढून बसली. ती उतरतच नसे. काट्यावर तिचं वजन उसात धरलं जाई. ही चूक मी मोठ्या अभिमानानं पकडली होती. महादेव पोट धरून हसला आणि तीही ठेवली. लोक पुढं मुद्दाम जळकोटच्या वळणावर हळू होऊ लागले.

गेम चालला. खताच्या वासात बसून आम्ही दुसरा भाग केला. ब्राझीलमधल्या एका माणसानं लिहिलं की आमच्याकडेही ऊस आहे आणि रांग अगदी अशीच असते, फक्त शेळी नाही. महादेवनं ते वडिलांना वाचून दाखवलं. त्यांना ब्राझीलपेक्षा तिथं शेळी नसल्याचंच जास्त नवल वाटलं.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे फोन मीच घ्यायची. त्यातले सर्वांत चिकट गिऱ्हाईक म्हणजे ढोकीकडचे दौलतमामा. वय साठीच्या पुढं, आयुष्य उसाच्या ट्रॅक्टरवर गेलेलं. त्यांचा पहिला फोन मला अजून आठवतो.

"ताई, आमचा नंबर येईना झालाय बगा. लई येळ झाला."

"मामा, गेम बंद करून परत चालू करा."

"बंद केल्यावर नंबर जातोय न्हवं!"

हे बरोबर होतं. मी विचारलं, "तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"कारखान्यावर. रांगंत."

"गेममध्ये?"

"न्हाय ओ, खऱ्या. हितं बी नंबर न्हाय आन तितं बी न्हाय."

हा माणूस खऱ्या रांगेत बसून मोबाईलवर रांगेत बसत होता. मी विचारलं, मग दुसरा एखादा गेम का नाही खेळत? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "बसल्या बसल्या काय करावं मग?" त्यानंतर मामांचा फोन दर हंगामात येत राहिला. ट्रॉलीचा हूक चुकीच्या उंचीवर आहे, ओढ्यात एवढं पाणी असताना कुणी गाडी घालत नाही, असलं काहीबाही. त्यांच्या निम्म्या तक्रारी मी माझ्या नावावर खपवल्या.

तिसऱ्या भागाच्या वेळी पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. खोली तीच राहिली, इन्व्हर्टर आला, पगार वेळेवर होऊ लागला. महादेव मालकाचा नोकर झाला आणि त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्याला गेम करायला मिळत होता. आमच्यावर लक्ष ठेवायला केतकी नावाची मुलगी आली. वाचणाऱ्याला वाटेल, आता ही खलनायिका. तसं काही नव्हतं. ती हुशार होती, लाघवी होती, आणि तिनं 'डबल ट्रॉली' आमच्याइतकाच खेळला होता. रांगेवर तर तिचा फार जीव. पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "प्रज्ञाताई, हे असलं वेडेपण कुठल्याच गेममध्ये नाही. हे आपण जपायचं."

माझ्या मते, घसरण त्या वाक्यापासून सुरू झाली.

जपायचं म्हटलं की आधी त्याला नाव द्यावं लागतं, मग त्याची बैठक घ्यावी लागते. दर भागाला आमची एक बैठक व्हायची, विषय: या वेळी विचित्र काय करायचं. सगळे गंभीर चेहऱ्यानं विचित्र गोष्टी सुचवायचे. कोंबडीला ट्रॅक्टर चालवू द्या. विहिरीतून रेडा उडवा. मी त्या सगळ्या तपासल्या आहेत. रेडा दर खेपेला बरोबर त्याच विहिरीतून, तेवढाच उंच उडायचा.

शेळी लोकांना आवडते म्हणून ती पोस्टरवर गेली. पोस्टरवर आहे म्हणून तिला गॉगल आला. गॉगल आहे म्हणून ती बोलू लागली, आणि बोलते म्हणून तिला चढण्या-उतरण्याचं बटण द्यावं लागलं. बटण दाबलं की चढायची, दाबलं की उतरायची. अतिशय आज्ञाधारक शेळी. मी आमच्या भागात अशी एकही पाहिलेली नाही.

काडीपेटीवाल्याचं आणखी वाईट झालं. लहान मुलं खेळतात, बिडीचा संबंध नको, असं ठरलं. हे बरोबरच होतं. मग तो "चार्जर हाय का?" असं विचारू लागला. लोकांनी चार्जर शोधून थकू नये म्हणून एक जाहिरात पाहिली की चार्जर मिळायची सोय झाली. चार्जर मिळाला की तो थँक यू म्हणायचा. इतकी वर्षं ज्याला काही मिळालं नव्हतं, त्याला आता हवं ते मिळत होतं, आणि त्याच्याकडे कुणी बघेनासं झालं.

आणि रांग. केतकी म्हणाली, थांबणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे ना. म्हणून तिसऱ्या भागात थांबल्याबद्दल नाणी मिळू लागली. नाणी मिळाली तर ती कुठंतरी वापरता यायला हवीत, म्हणून चौथ्या भागात ती देऊन नंबर पुढं घेता येऊ लागला. पाचव्या भागापर्यंत सगळेच पुढं जाऊ लागले, त्यामुळे रांगेत कुणी उरलं नाही. रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या दिसत, पण एकाही गाडीवर माणूस नाही. सहाव्यात जुने फोन अडखळतात म्हणून त्या गाड्याही काढल्या. यातला कुठलाही एक बदल मला दाखवा. त्या दिवशी तो शहाणपणाचाच होता. मी प्रत्येक तपासला आणि पास केला.

मामांचे फोन तिसऱ्या भागानंतर कमी झाले. शेवटचा आला तेव्हा म्हणाले, "नंबर आसा लागत नसतोय, ताई." मी म्हटलं, पुढच्या भागात बघू.

सातव्या भागात हायवेवर शर्यत होती. ट्रॅक्टर होते, पण ते पळायचे. बैठकीत सगळं ठरल्यावर महादेव म्हणाला, "मला एकच पाहिजे. कारखान्याची रांग. पयल्यासारखी. बाकी तुमी म्हणताव तसं."

तो कधी काही मागत नसे. केतकीनं त्याचा मान ठेवला. म्हणाली, "आपण दोन्ही ठेवू. रांगही ठेवू आणि सरळ काट्यावर न्यायचं बटणही ठेवू. मुरुमलाच माणसं बोलावून खेळवू. लोक थांबले तर रांग राहील." याहून न्यायाचं काय असणार? महादेवलाही पटलं.

त्यानं ती रांग महिनोन्‌महिने खपून केली. घरी जाणं सोडलं. जुने आवाज शोधून काढले, बिघडलेले साफ केले. काडीपेटीवाला बिडीशिवाय परत आणला. कुणाची सोयरीक, कुणाचं हायड्रॉलिक, "व्हय... व्हय..." म्हणणारा, सगळे आपापल्या जागी. मी तपासून पाहिलं, हुबेहूब पहिल्या भागातली रांग होती, फक्त जास्त स्वच्छ. मला सांगायला लाज वाटत नाही, मी तिथं फार वेळ बसून राहिले. कामाची गरज होती त्याहून जास्त. ही रांग राहावी असं मला मनापासून वाटत होतं.

"मामाला बोलवा," महादेव म्हणाला. "पोरं थांबणार न्हाईत ते मला ठावं हाय. मामा थांबणार."

ठरल्या दिवशी उमरग्याच्या कॉलेजची मुलं आली. खेळली, हसली, फाटकाशी आली आणि बटण दाबून काट्यावर गेली. एक मुलगी रांगेत बराच वेळ थांबली. महादेव खुर्चीवरून अर्धा उठला. तिला घरून फोन आला होता.

मग दौलतमामा. मी त्यांना प्रथमच पाहत होते. फोनवरच्या आवाजाच्या मानानं माणूस अगदी किरकोळ. चष्मा पुसून बसले. फडातून निघाले, वळणावर मागच्या ट्रॉलीला पूर्ण जागा दिली, ओढ्यात गाडी घालण्याआधी थांबून पाणी पाहिलं. इतका नीट ट्रॅक्टर मी कधी कुणाला चालवताना पाहिला नव्हता. फाटकाशी आले. रांग लागली. मामा थांबले.

महादेव त्यांच्या मागं उभा होता. केतकीही आली. मामांनी गाडी बंद केली, उतरले. पहिल्या ड्रायव्हरचं ऐकून घेतलं. दुसऱ्याचं ऐकलं. काडीपेटीवाल्यापाशी गेले. तो म्हणाला, "काडीपेटी हाय का?" मामा गालात हसले. परत येऊन ट्रॅक्टरवर बसले, थोडा वेळ समोर पाहिलं आणि बटण दाबलं. ट्रॉली काट्यावर चढली.

सगळ्यांची नजर मामांच्या बोटाकडे गेली. मामांच्या लक्षात आलं की आपल्या हातून काहीतरी झालं. "माजं काय चुकलं का?"

"न्हाय मामा," महादेव म्हणाला. "पर का ओ दाबलाव?"

मामा अवघडले. "लई झ्याक केलायस बाबा. समदं तसंच हाय." मग चष्मा काढून हातात धरला. "तवा नुसती रांग व्हती बग. मला वाटायचं, आता ह्यो काय म्हणतोय, त्यो काय म्हणतोय. आता तू मला रांग दावालास. ह्यो काडीपेटी मागणार, ते मला ठावं, तुला ठावं, त्याला बी ठावं." आणि महादेवचा चेहरा पाहून घाईनं म्हणाले, "आन मला शेवटची यष्टी बी गाठायची हाय."

केतकी त्यांना आपल्या गाडीतून स्टँडवर सोडायला गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. रांग काढायचं तिनं सांगितलं नाही. महादेवनं स्वतःच काढली, दुसऱ्या दिवशी सकाळी. फाटक आलं की काटा, काट्यावर वजन, वजन झालं की अभिनंदन.

सातवा भाग पूर्ण होऊन शेवटच्या तपासणीला माझ्याकडे आला. नियम असा की मी चूक काढली तर गेम थांबतो, नाही काढली तर जातो. महादेव माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आमची उभी हयात भांडणात गेली होती. मी म्हणायची चूक आहे, तो म्हणायचा राहू द्या. त्या दिवशी तो खाली बघत म्हणाला, "बाई, एक तरी काढा की."

"काय काढू?"

"कायबी. शेळी उडाली तर उडू द्या. ट्रॅक्टर रस्त्यात घुसला तरी चालंल. एक काढा."

मी कामाला लागले. ट्रॅक्टर विहिरीकडे नेला; विहिरीला कठडा होता, ट्रॅक्टर आपोआप वळला. भिंतीवर नेला, वळला. उलटा चालवला, त्यानं मला सरळ केलं. ओढ्यात दोन्ही ट्रॉल्या आडव्या घातल्या, ओढ्यानं त्या उचलून रस्त्यावर ठेवल्या. पुलाखाली बंद-चालू केला, तिथंच उभा. शेळीचं बटण एकाच दमात इतक्या वेळा दाबलं की खरी शेळी असती तर तिनं मला शिंग मारलं असतं. ती गुमान चढत-उतरत राहिली. जेवायला उठले नाही. इतक्या वर्षांत शिकलेली सगळी वेडी अक्कल मी त्या दिवशी वापरली.

एखादी खोटी चूक लिहून द्यावी, असं मनात आलं. हात कीबोर्डवर ठेवलाही. पण खोटी चूक लिहून खरं वेडेपण येत नाही, हे सहा भाग तपासून मला कळलेलं होतं.

तो माझ्या मागं खुर्ची ओढून बसून होता.

"महादेव," मी म्हटलं, "एकही नाही रे."

"नीट बगितलाव?"

"सगळं बरोबर आहे."

माझ्या क्लासमध्ये कुणाचा कागद असा निघाला असता तर मी त्याला पेढे दिले असते. महादेवनं ऐकलं, मान हलवली आणि माझ्या खांद्यावरून हात पुढं करून स्वतःच 'पास'चं बटण दाबलं. मग बराच वेळ त्यानं हात तिथून काढला नाही. मी त्या हातावर माझा हात ठेवला. आम्ही दोघं तसेच बसलो, आणि कशाचा नंबर लागलाय म्हणून थांबलोय, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.